उघड्या दाराची सभा

अंबाबाई प्रार्थनेला उभ्या राहिल्या की आम्ही बोर्डिंगमधल्या मुली शेजारणीचा हात घट्ट धरून ठेवायचो. आज कोणाचं नाव निघतं याची धास्ती असे. सौंसरकडच्या त्या मुलींच्या बोर्डिंगात अंबाबाई मेट्रन होत्या, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत त्या देवाला सगळं नावानिशी सांगत.

"हे दयाळू बापा, या विजयमालेनं काल पुन्हा अंथरूण ओलं केलं. तिच्यावर कृपा कर, तिले ताकद दे."

विजयमाला म्हणजे मी. सगळ्यांचे डोळे मिटलेले असत, तरी साऱ्या मुली माझ्याकडेच पाहून राहिल्यात असं वाटे. कानाच्या पाळ्या तापत. आमेन झालं तरी मान वर करवत नसे. आणि त्याच अंबाबाई रात्री कंदील घेऊन यायच्या, मला न उठवता माझ्या खालची चादर बदलायच्या, आणि मुली जाग्या व्हायच्या आत ती धुऊन दोरीवर घालायच्या. मला आई नव्हती. आईची माया कशी असते ते मी त्यांच्याकडूनच शिकले. त्यांचं प्रेम खोटं असतं तर पुढचं सारं सोपं गेलं असतं.

माझं लग्न त्यांनीच जुळवलं. मुलगा पांढुर्ण्याच्या शाळेत मास्तर, नाव उत्तम. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, सगळे चांगलं बोलायचे त्यांच्याबद्दल. लग्नाच्या दिवशी अंबाबाई मला जवळ घेऊन म्हणाल्या, "माले, हा मानूस आवाज चढवत नाई. तुले अजून काय पायजे?" खरंच काही नको होतं.

पुढे बोर्डिंग सोडून त्या पांढुर्ण्यालाच आल्या, पुतण्या दिलीप आणि त्याची बायको मीना यांच्याकडे. आमच्या घरापासून ते घर फार लांब नव्हतं. पांढुर्ण्यात आम्ही ख्रिस्ती लोक मूठभरच. रविवारी उपासनेला बसनं सौंसरला जायचं, आणि बुधवारी संध्याकाळी पाळीपाळीनं एकेकाच्या घरी सभा. पाळक सौंसरहून यायचे. त्यांचं नाव दत्तात्रय. आजोबा ख्रिस्ती झाले पण घराण्यातलं नाव सोडलं नाही, आणि पाळकही हसून म्हणायचे, "नाव राहू दिलं देवानं, मी कशाला काढू?"

या बुधवारच्या सभेची एक रीत होती. सभा चालू असताना पुढचं दार सताड उघडं ठेवायचं. आमच्यात लपवण्यासारखं काही नाही हे गावाला दिसावं, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या कानावर शुभवार्ता पडावी, म्हणून. ढोलक वाजायला लागली की शेजारपाजारच्या बाया ओट्यावर येऊन बसत. त्यांना गाणी आवडत. गाणी झाली, वचन झालं, की विनंत्या. ज्याला जे दुखत असेल ते त्यानं सांगायचं आणि बाकीच्यांनी त्यासाठी प्रार्थना करायची. कोणी सांगायला लाजलं तर अंबाबाई त्याच्या वतीनं सांगत.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची. त्या वर्षी दिवाळीनंतर यांना काहीतरी होऊ लागलं. झोप गेली. जेवणाचं ताट पुढे तसंच राही. शाळेतून आले की मागच्या अंगणात विहिरीच्या काठावर जाऊन बसत आणि खाली पाहत राहत. मी हाक मारली की म्हणत, "आलो." पण येत नसत. एकदा मी हात धरून उठवलं, तेव्हा त्यांनी पाण्याकडे पाहतच विचारलं, "माला, किती खोल असेल गं?"

दुसऱ्या दिवशीच मी त्यांना नागपूरला घेऊन गेले, डोक्याच्या डॉक्टरकडे. तिथे त्यांना ठेवून घेतलं. शाळेत कळवलं की पोटाचं दुखणं आहे. खरं काय ते फक्त अंबाबाईंना ठाऊक होतं, कारण मागे घर त्या पाहणार होत्या, आणि मला कोणापुढे तरी रडायचं होतं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जाय तू. मी हावो ना."

फेब्रुवारीत आम्ही परत आलो. बाजारात संत्र्याच्या पेट्या भरणं चालू होतं, रस्ताभर तणस पसरलेलं. हे अशक्त होते, पण जेवत होते, झोपत होते. डॉक्टरांनी निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "यांना त्यांच्या कामावर जाऊ द्या, तेच औषध. फक्त चार लोक जमून विचारपूस करतील असं होऊ देऊ नका." शाळेत हजर व्हायला थोडे दिवस होते. हे रोज संध्याकाळी पुस्तकं काढून बसत, मुलांना पहिल्या दिवशी काय शिकवायचं ते जुळवत. मला वाटलं, निभावलं.

त्या बुधवारी सभा अंबाबाईंच्याच घरी होती. हे घरी थांबले, मी एकटी गेले. दिलीपचं घर बाजाराच्या रस्त्यावर. दार उघडं, ओट्यावर आमची शेजारीण सुधा आणि आणखी दोघी-तिघी. समोर शिंप्याचं दुकान, मशीन खडखडत होती. गाणी झाली, वचन झालं, आणि अंबाबाई उभ्या राहिल्या.

"हे सर्वसमर्था, तुझे उपकार मानतो. आमच्या उत्तममास्तरचं डोकं फिरलं होतं, विहिरीत जीव द्यायले निघाला होता, त्याले तू नागपूरच्या डोक्याच्या दवाखान्यातून सोडवून आनलंस..."

समोरची मशीन थांबली. ती थांबलेली मला अजून ऐकू येते. अंबाबाईंचा आवाज कृतज्ञतेनं भरून आला होता, गालावरून पाणी वाहत होतं. त्या मनापासून आभार मानत होत्या. आणि मी बोर्डिंगातल्या त्या पोरीसारखी मान खाली घालून, तापल्या कानांनी बसले होते. फरक एवढाच, की या वेळी चादर माझी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुधा डाळीची वाटी घेऊन आली. दारातच कुजबुजली, "वहिनी, भाऊजी आता शांत राहतात ना?"

"ते कधी अशांत होते, सुधाताई?"

"नाई, मी आपली विचारून राहिली. माह्या मामेभावालेबी असंच झालं होतं. त्याच्या टाळूले रोज लिंबू चोळत होते. लई फरक पडला, फक्त केस गेले." मग म्हणाली, "आमच्या हेमंतले भाऊजीकडं शिकवणीले नाई पाठवत काही दिवस. परीक्षा आहे ना, मंग पाठवीन."

परीक्षा होती म्हणूनच शिकवणी होती. ती काय बोलून गेली ते तिलाही कळलं. वाटी तिथेच ठेवून ती लगबगीनं गेली. हे आतल्या खोलीत होते. खोलीला पडदा होता, दार नव्हतं.

संध्याकाळी गल्लीतून शाळेची पोट्टी गेली. एक ओरडलं, "मास्तर, विहिरीत पानी किती आहे?" बाकीची हसली. त्या रात्री पुस्तकं निघाली नाहीत. सकाळी मी उठले तर हे विहिरीच्या काठावर. मी जवळ गेले तशी माझ्याकडे न पाहता म्हणाले, "शाळेत नाही जमणार, माला. फळ्याकडे तोंड केलं की पाठ सगळ्यांना दिसते."

पुढच्या बुधवारी सभेची पाळी आमच्या घरी होती.

मी अंबाबाईंकडे गेले. त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला पाहून खूश झाल्या, सूप सरकवलं. "बस. सोल जराशा. मास्तर काय म्हनते?"

"बाई, या बुधवारी आमच्याकडे सभा नको."

"कावून? तब्येत बिघडली का?"

"बिघडेल म्हणून नको. आणि एक मागणं आहे. यांचं नाव सभेत घेऊ नका. यापुढे कधीच."

त्यांचे हात थांबले. "म्हंजे? प्रार्थना नको करू?"

"करा. मोठ्यानं नको."

"अवं, मी काही चहाडी नाई केली. देवाचे उपकार मानले. देवानं केलेलं लपवून ठेवायचं का? मंडळी एक अंग होय, माले. पाय दुखला त हाताले कळाले पायजे का नाई?"

"हाताला कळू द्या. रस्त्याला कशाला?"

मीना आतून भाकरी थापताना ऐकत होती. तिचं थापणं थांबलं. अंबाबाईंचा चेहरा उतरला. त्या रागावल्या असत्या तर मी तोंड दिलं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुह्या चादरी धुतल्या मी. माह्यापासून तुले काय लपवायचं पडलं?"

शेंगा सुपात तशाच ठेवून मी उठले. मागून त्या म्हणाल्या, "बुधवारी येतो आमी. पोराच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करीन, मंग पाहजो कसा बरा होते ते."

घरी येईपर्यंत वाटभर लाज वाटत होती. ख्रिस्ती बाई आणि प्रार्थना नको म्हणते! लहानपणापासून शिकले होते की दुसरा गाल पुढे करावा, अंगरखा मागितला तर झगाही द्यावा. नाही म्हणायचं कुठे शिकलेच नव्हते. पुढचे दिवस मी पीठ मळताना, पाणी ओढताना तेच घोळवत राहिले. गाल माझा असता तर केला असता पुढे. हा गाल यांचा होता. आणि आठवत गेलं की प्रभूसुद्धा रोग्यांची रीघ लागलेली सोडून डोंगरावर एकटा निघून जायचा, शिष्य शोधत यायचे तरी. बरं केलेल्या माणसाला कितीदा तरी सांगायचा, कोणाला सांगू नकोस. प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लाव, असंही त्यानंच सांगितलेलं. हे सगळं मी कितीदा वाचलं होतं. पण आमच्याकडे दार उघडं ठेवायची रीत इतकी जुनी होती की दाराचं ते वचन कोणी सभेत काढलंच नव्हतं.

एवढं कळूनही हिंमत नव्हती. बुधवार उजाडला. हे दुपारपासून भिंतीकडे तोंड करून पडून होते. लोक येणार हे त्यांना माहीत होतं. एकदाच विचारलं, "मागचं दार उघडं आहे ना?" मागच्या दाराबाहेर विहीर होती.

मी उठून आधी मागच्या दाराला कुलूप घातलं. किल्ली पदराला बांधली.

दिवेलागणीला ढोलकीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला. मग चपलांचा. पुढे अंबाबाई पांढऱ्या लुगड्यात, त्यांच्यामागे दिलीप आणि मीना, पाळक, ढोलक घेतलेले नत्थूजी, आणखी चार-सहा जण. सुधाही आपल्या ओट्यावर आली, आणि तिच्या मागून सगळी गल्ली.

"सलाम, बहीण," पाळक म्हणाले.

"सलाम." मी उंबऱ्यातच उभी होते. दोन्ही हात चौकटीला. "आज सभा नाही, पाळकसाहेब. मी बाईंना सांगितलं होतं."

पाळक अंबाबाईंकडे पाहू लागले. त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"सरक, माले," अंबाबाई म्हणाल्या. "लोकं पाहून राहिले."

"म्हणूनच नाही सरकत."

"बाप्पा! देवाच्या मानसायले दारातून वापस पाठवते का?" मीना मागून बोलली. "अशी ख्रिस्ती बाई पाह्यली नाई कधी."

नत्थूजी ढोलक काखेत घेऊन म्हणाले, "एक गानं बाहेरच घेऊ का? आलोच आहो त." त्यांनी चांगल्या मनानं म्हटलं. पण गल्लीत कोणीतरी हसलं.

अंबाबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. तो हात मी ओळखत होते, तापात कपाळावर फिरलेला. मला वाटलं, आता मी सरकणार. मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच परका वाटला, "बाई, तुम्ही घरी जा. खोलीत बसा, दार लावा आणि यांच्यासाठी प्रार्थना करा. रोज करा. तुमची प्रार्थना मला पाहिजे आहे. पण इथं नाही. आणि कोणाला ऐकू जाईल अशी नाही."

मग मी त्यांचा हात काढला आणि दार लावलं. कडी घालताना ती वाजली. हळू घालायला हवी होती.

दाराला पाठ लावून मी खाली बसले. बाहेर चपला घुटमळल्या. पाळकांचा आवाज आला, "चला, बाई." चपला निघाल्या. जाताना नत्थूजींचा गुडघा ढोलकीला लागला असावा, एकच थाप वाजली, उगीचच. जिनं मला वाढवलं तिला मी गल्लीसमोर दारातून परत पाठवलं होतं. मी तोंडात पदर कोंबला.

पडदा हलला. हे उभे होते. "गेले?"

"गेले."

मग त्यांची नजर चुलीकडे गेली. "एवढा चहा कोणासाठी ठेवलास?"

मी वळून पाहिलं. लग्नकार्यातलं मोठं पातेलं चुलीवर उकळत होतं. लोकांना परत पाठवायचं असं मनाशी ठरवूनही हात आपल्या सवयीनं साऱ्या मंडळीचा चहा टाकून बसले होते. मी रडत होते आणि हे हसले. नीट हसू नव्हतं ते, नाकातून निघालेला श्वास म्हणा. पण किती महिन्यांनी. "आता पी," म्हणाले, आणि स्वतः वाटी घेऊन माझ्याजवळ जमिनीवर बसले. आम्ही तो चहा पिऊ शकलो तितका प्यायलो.

रविवारी आम्ही दोघं सौंसरला गेलो नाही, मी एकटी गेले. बायकांच्या बाजूला माझ्यासाठी कोणी सरकलं नाही, मी भिंतीशी बसले. अंबाबाई प्रार्थनेला उभ्या राहिल्या. आजाऱ्यांची नावं घेत घेत आल्या, एका जागी अडखळल्या. सगळं उपासनामंदिर वाट पाहत होतं. "आणि, हे बापा," त्या म्हणाल्या, "ज्याले तू ओळखतोस तो." सगळ्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. न घेतलेलं नावही तेवढंच लाजवतं हे मला त्या दिवशी कळलं. पण त्यांनी ते घेतलं नव्हतं.

हे ठरलेल्या दिवशी शाळेत गेले. मी दिवसभर दारात. पोट्टी काय बोलली, कोण हसलं, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चपला काढताना म्हणाले, "फळा फार पांढुरका झाला आहे. काजळी लावायला पाहिजे." मी घरात जाऊन मागच्या दाराचं कुलूप काढलं.

अंबाबाई मात्र त्यानंतर आमच्या घरी आल्या नाहीत. पोळा गेला, पावसाळा गेला. वाटेत भेटल्या तर "बरी आहे ना?" एवढंच. सभा दुसऱ्यांच्या घरी होत राहिल्या, मी मागे बसत राहिले. दार लावलं ते चुकलं असं मला कधी वाटलं नाही. आणि तरी बाजारात पांढरं लुगडं दिसलं की मी मान खाली घालत असे.

थंडीच्या दिवसांत एका दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. अंबाबाई उभ्या होत्या. विहिरीच्या बाजूनं, मागचं आवार ओलांडून आल्या होत्या. काखेत एक गाठोडं. खूप वाळल्या होत्या.

"दार लाव," आत आल्या आल्या म्हणाल्या.

मी लावलं. त्या खाली बसल्या, गाठोडं मागे सरकवलं. त्याचा वास येत होता, आणि तो वास मी लहानपणापासून ओळखत होते.

"रातच्याले समजतच नाई मले," त्या जमिनीकडे पाहत म्हणाल्या. "मीना धुते, धुत नाई असं नाई. पन ती म्हनते, या बुधवारी विनंती मांडते. समदे मिळून प्रार्थना करतीन, म्हनते." त्यांचा एक हात मागे गाठोड्यावर गेला. "नत्थूजी राहते तिथं. दत्तात्रय राहते, त्याले म्या मांडीवर खेळवलं. अन् ओट्यावर समदी गल्ली."

"तुम्ही मीनाला नको म्हणा ना, बाई."

"मले येत नाई म्हनता. आजवर कोनाले म्हटलंच नाई." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुले येते. तू सांगजो तिले."

मी बरं म्हटलं. त्यांनी पुन्हा मान खाली घातली. मीही. दोघींना एकमेकींकडे पाहवत नव्हतं. थोड्या वेळानं मी त्यांच्या मागून गाठोडं ओढून घेतलं. त्यांनी ते एका हातानं धरून ठेवलं होतं, मग सोडलं. शाळेतून आलेल्या यांना मी विहिरीवर पाणी ओढायला सांगितलं. त्यांनी रहाट फिरवला, बादली माझ्यापुढे ठेवली आणि पाठ करून उभे राहिले. गाठोड्यातल्या दोन्ही चादरी मी धुतल्या आणि बाहेरच्या दोरीवर न घालता आतल्या खोलीत, पडद्यामागे वाळत घातल्या.